कृष्णाबाईचा रोज

पेण,
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

प्रिय दिपे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आप्पांचं पत्र म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, असंच तुझ्या मनात येणार, कारण तुझ्या लग्नाला येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील आणि मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. खरं तर फोनच करणार होतो. तीनदा एसटीडी बूथवर जाऊन आलो. पहिल्यांदा विहीणबाईंनी उचलला, त्यांना ‘कशा आहात, बरं आहे ना’ एवढं विचारून ठेवून दिला. दुसऱ्यांदा तूच उचललास. तुझं ‘हॅलो’ ऐकलं आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरलो बघ. समोर तो तांबडा आकडा पळतोय, मागे चार माणसं खोळंबलीत, आणि मी मख्खासारखा उभा. ठेवून दिला. तेव्हा त्या दिवशी फोन करून न बोलणारा वात्रट माणूस कोण, ते आता कळलं असेल. तिसऱ्यांदा नुसत्या बूथवाल्याशी गप्पा मारून परत आलो. शेवटी तुझी आई वैतागून म्हणाली, बोलता येत नाही तर लिहा, पण माझ्या डोक्याशी भुणभुण करू नका. म्हणून बसलोय. अक्षराला हसू नकोस. सातवी पास माणसाचं आहे.

गेल्या रविवारी जावईबापू येऊन गेले, ते तुला ठाऊकच आहे. सातवा लागला हे सांगताना काय लाजत होते! धाटावच्या कंपनीत ॲसिडच्या टाक्या हाताळणारा माणूस, पण कान लाल. आईनं लगेच पोह्याचे पापड तळले, मी पेढे आणायला पायात चप्पल घातली, आणि तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, दिपिका म्हणते बाळंतपण सासरी वरशालाच करू, रोह्यात डॉक्टरीण चांगली आहे. आईनं पापडांवर झाकण ठेवलं. तिनं माघी गणपतीच्या आधीपासून मऊ झालेली नऊवारी काढून दुपटी शिवायला घेतली होती, डबाभर हळीव आणून ठेवले होते, डिंक निवडला होता. जावई फाटकाबाहेर पडले आणि मग मात्र ती म्हणाली, पेणमधले काय सगळे डॉक्टर मेले? पहिलटकरीण पोर माहेरी येत नाही म्हणजे काय? आणि असं म्हणून तिनं माझ्याकडे जे बघितलं ना, दिपे, त्यापेक्षा तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं. डॉक्टरणीमुळे तू येत नाहीस, यावर तिचाही विश्वास नाही आणि माझाही नाही. दोन गणपती झाले, तू उंबऱ्यात पाय ठेवलेला नाहीस. मला तू यायला हवी आहेस. हे आधी स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी फार पाल्हाळ लावणार आहे.

तो पंच्याण्णवचा आषाढ मी विसरलोय असं समजू नकोस. लग्नानंतरही तू कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला दोन्ही वर्षं आलीस. दहावीपासून तुझा हात बसलेला, मुंबईचा व्यापारी मूर्ती हातात घेऊन आधी डोळे बघायचा आणि मग भाव करायचा. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, माल वाळत नव्हता, माझं डोकं आधीच तापलेलं. घासकाम करणाऱ्या कृष्णाबाईच्या हातून दोन फुटाच्या दोन मूर्ती गेल्या. एकीची सोंड, एकीचा हात आणि खालचा पाट. अंगात ताप होता तिच्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पांढरा चुरा दिसला. आपला रिवाज काय? जेवढे नग तेवढे पैसे, आणि फुटला नग तर त्याचे पैसे कापायचे. मी कापले. त्या शनिवारी तिच्या हातात काय पडलं, ते इथे लिहायला मला लाज वाटते. आणि तू ब्रश ठेवून उठलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, आप्पा, सरकारनं किमान वेतन ठरवलेलं असतं, तुम्ही बायांना त्याच्या निम्मं देता आणि वर फुटीचे कापता, हे बरोबर नाही. मी म्हणालो, तू आता वरशाची. इथल्या कारभारात तोंड घालायचं नाही. चौदा माणसांसमोर म्हणालो. तू हात धुतलेस, पिशवी भरलीस आणि दुपारच्या गाडीनं रोह्याला गेलीस. तीनशे मूर्ती डोळ्यांवाचून होत्या. तुझ्या आईनं स्टेशनापर्यंत छत्री धरली, मी नाही आलो.

आता माझी बाजू ऐक. अगदीच राक्षस नव्हतो मी. माझ्या बापानं नगावर काम दिलं, त्याच्या बापानं नगावर दिलं. आमचं गणित सरळ होतं: माणूस जेवढं हलेल तेवढं मिळवेल. रोज बांधून दिला की माणूस बसून राहील, बिड्या ओढील, बाया गप्पा मारतील, आणि मी बसेन व्यापाऱ्यापुढे हात चोळत. त्यातून मूर्ती म्हणजे काही साबण नव्हे की भाव वाढला तरी लोक घेतील. शेजारच्या कारखान्यात दहा रुपयांनी स्वस्त मिळाली की गिऱ्हाईक तिकडे. जावईबापू दिवाळसणाला जेवताना म्हणाले होते, आठवतं? आमच्याकडे ठेकेदाराचा माणूस व्हॉल्व्ह कसाही फिरवतो, पर्मनंट झाला की तोच माणूस व्हॉल्व्ह जपायला लागतो. मी हसलो होतो. म्हटलं, तुमची कंपनी आणि आमचे गणपती काय एक आहेत? नवीन जावई, काय बोलणार, बिचाऱ्यांनी मुकाट्यानं पुरणपोळी खाल्ली. त्यांना सांग, सासऱ्याला अक्कल यायला थोडा उशीर झाला.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी सरकारी कामगार अधिकारी दारात. बारीक चणीचा, चष्मेवाला, आवाज एकदम मऊ. पण मऊ आवाजाची माणसं जास्त त्रास देतात. हजेरीपट कुठे? नाही. पगारपत्रक? नाही. कोणाला काय देता? मी शर्टाच्या खिशातली चिठ्ठी काढली, ती त्यांनी दोन बोटांनी धरून बघितली. त्यांच्या हातात दोन पानी तक्रार होती, तीत फुटीच्या कापाकापीपासून सगळं होतं म्हणे. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. नारळ द्यायला गेलो, तोही नाही. मग विचारलं, डोळे कोण काढतं? म्हटलं, मुलगी, घरचीच आहे. तिला रोज काय? मी हसलो गं. खरंच हसू आलं मला, की घरच्या पोरीला कसला रोज? तो माणूस हसला नाही. त्यानं ते कागदावर टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. नऊ वर्षं तू डोळे काढलेस आणि मी तुला वर्षाला एक साडी दिली, तीही आईनं आठवण केली म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना हे एकदम मनात आलं आणि मी ताट सरकवलं. पण आईला सांगितलं नाही. तिला म्हटलं, आमटीत मीठ जास्त झालंय.

नोटीस आली. सीझनभराचा फरक सगळ्यांना द्यायचा, आणि पुढे सरकारी दरानं रोज, बाईला पुरुषाएवढाच, फूट कापायची नाही. दिपे, त्या महिन्यात मी घरात कोणाशी नीट बोललो नाही. आईचे सोन्याचे गोठ मोडू म्हटलं, तिनं ते काढूनही ठेवले होते, शेवटी पतपेढीच्या कर्जावर भागलं. मी शपथ घेतली होती की पुढच्या वर्षी कारखान्याला कुलूप लावीन आणि पोह्याच्या गिरणीत तराजू धरून बसेन. मधे एक गोष्ट घडली ती मी इथे गाळतोय. हिंमत झाली की खाली लिहितो. तू पत्र वाचताना थांबू नकोस मात्र.

कुलूप लावलं नाही, कारण दुसरं काही येत नाही. शहाण्णवची दिवाळी यायच्या आत काय काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नसणार. पहिला महिना मी नुसता पहारा केला. कोण बसतंय, कोण उठतंय, कोण पाणी प्यायला किती वेळ जातंय. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही, पगार वाढवला माणसांचा आणि वाढीव काम लागलं मला. झालं काय, तर पहिल्या महिन्यात खरंच नग कमी निघाले. मी आईला म्हटलं, बघ, सांगत होतो ना! पण नग कमी निघत होते कारण बाया पॉलिश पेपरनं नीट घासत होत्या. आधी नगाच्या घाईत वरवर हात फिरवायच्या, मग रंग धरायचा नाही, मग पुन्हा अस्तर, पुन्हा घासणं. तो दुसऱ्यांदा करायचा सगळा खेळ मी आयुष्यात कधी मोजलाच नव्हता, कारण त्याचे पैसे मी देतच नव्हतो. फुकटचं होतं ना! जेव्हा तासातासाचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मला दिसायला लागलं की ओला माल एका टोकाला आणि उन्हाची बाजू दुसऱ्या टोकाला आहे, आणि बाया दिवसभर मूर्ती कडेवर घेऊन इकडून तिकडे हिंडतायत. तीस वर्षं हिंडत होत्या. मी फळ्या हलवल्या, मांडणी फिरवली. एक दिवसाचं काम, दिपे! तीस वर्षं मी ते केलं नाही.

फुटीचं तर विचारूच नकोस. कापणं बंद केलं तर रोज वीस फुटतील असं मी धरून चाललो होतो. आधी शंभरात नऊ-दहा जायच्या, आता तीन-चार जातात. कारण आधी मूर्तीला चीर पडली तर बाई ती लपवायची. ओल्या लांबीनं बुजवून पुढे ढकलायची, आणि ती रंग झाल्यावर, नाहीतर मुंबईला टेम्पोतून उतरवताना फुटायची. आता चीर दिसली की ओरडतात, आप्पा, इकडं या, हिला तडा हाय! तिथल्या तिथे काथ्या लावून दुरुस्त. दुसरं म्हणजे माणसं टिकली. दरवर्षी ऐन श्रावणात कोणी ना कोणी धाटावला नाहीतर नागोठण्याला ठेकेदाराकडे पळायचं, मग नवीन हात, नवीन शिकवणी, नवीन फूट. गेल्या श्रावणात एकही गेला नाही. गेल्या सीझनला साडेतेराशे मूर्ती गेल्या, आधी अकराशेच्या वर कधी गेलो नव्हतो, आणि तेही माणसं न वाढवता. व्यापाऱ्यानं भावही थोडा वाढवून दिला, नाक मुरडत दिला, पण दिला. पतपेढीची निम्मी फेड झाली. गोठ आईच्या हातात आहेत.

पण तुला वाटेल आप्पा आता भाषण ठोकायला लागले, तसं नाही. सगळं गोड नाही झालं. मागच्या आळीतला जनू, तो आपल्या गणपतीच्या आरतीला पेटी वाजवायचा तो, त्याच्याकडेही ते सरकारी साहेब गेले. त्याचा सगळा धंदा सहा इंची, आठ इंची मूर्तींचा, त्यात मार्जिन म्हणजे चणेफुटाणे. त्यानं चार बाया घरी बसवल्या आणि आता नवराबायकोच रंगवतात. त्या चौघींपैकी दोघी माझ्याकडे विचारायला आल्या होत्या, मला घेता आलं नाही. दरवर्षी मी सीझनला दोन नवीन हात घ्यायचो तेही नाही घेतले, कॉम्प्रेसर आणला, अंगाचा रंग आता फवाऱ्यानं मारतो. त्या दोघी फाटकातून परत गेल्या, त्यांच्या पाठी मला अजून दिसतात. तेव्हा सरकारी दर बरा की वाईट, असं कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, बाबा, कोणाला विचारतोस त्यावर आहे. माझ्या कारखान्याला तो मानवला. जगन वाण्यालाही मानवला बहुतेक, कारण परवा मला म्हणाला, आप्पा, तुमच्या बाया आता शनिवारी पाव किलो तेल नाही मागत, किलोची बाटली मागतात, मी फळीच वाढवलीय. म्हणजे माझ्या गल्ल्यातला पैसा चार दुकानं फिरून कोणाकोणाच्या घरात गेला. जनूच्या घरात नाही गेला. हेही खरं आहे, आणि मी दोन्ही लिहितो, कारण तू बी.कॉम. आहेस आणि अर्धवट हिशेब तुला आवडत नाही.

बरं. आता ती गाळलेली गोष्ट. इथवर येईपर्यंत दोनदा चहा झाला.

साहेब गेले त्याच संध्याकाळी मी कृष्णाबाईला कामावरून काढलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, फुटीचे पैसे तुझे कापले, तक्रारीत फुटीचं आहे, म्हणजे तूच लिहिलंस. चौदा वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि मला सरकारच्या दारात उभं केलंस. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ती माझ्याकडे बघत होती. एक शब्द उलट बोलली नाही. पदरानं हात पुसले, डबा उचलला आणि निघून गेली. बाकी बाया खाली मान घालून घासत होत्या. मला वाटलं, बघा, चोरी पकडली म्हणून गप्प बसली.

दिवाळीनंतर फरक वाटायचा होता. साहेब स्वतः येऊन बसले होते, पगारपत्रक समोर. कृष्णाबाईलाही बोलावणं धाडलं होतं, तिचा फरक सगळ्यांत जास्त. ती आली, माझ्याकडे न बघता टेबलापाशी उभी राहिली. मी पेन पुढे केलं. तिनं पेन घेतलं नाही, डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. साहेबांनी शाईचा पॅड सरकवला. दिपे, चौदा वर्षं ती बाई माझ्या हाताखाली होती आणि तिला लिहिता येत नाही हे मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? शनिवारी हातात पैसे टेकवायचे, सही कोण घेतो? तो अंगठा कागदावर उमटला आणि मी पुढे केलेलं पेन परत खिशात ठेवलं. दोन पानी तक्रार लिहिणारी ती नव्हती. मग कोण, हे कळायला मला विचारही करावा लागला नाही. साहेब यायच्या आधी माझ्याशी ‘किमान वेतन’ हा शब्द बोललेलं माणूस एकच होतं.

तुझा राग आला का? आला. खोटं कशाला बोलू? आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. पोटच्या पोरीनं बापावर सरकार घातलं, असं मनात म्हणत फिरलो. आणि रागात असलं की माझी बुद्धी किती चालते ते तुला माहीतच आहे. मग हळूहळू त्या रागाखालचं दुसरं काहीतरी वर आलं, की जिनं काही केलं नाही तिला मी चारचौघांत चोर ठरवलं, आणि तरी तिनं तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? ‘मला लिहिता येत नाही’ एवढे चार शब्द पुरे होते. हे विचारल्याशिवाय मला चैन पडेना, आणि विचारायला जायची लाजही वाटे. अडीच महिने असेच गेले.

गेल्या वर्षी याच महिन्यात गेलो शेवटी. ती खाडीकडच्या मिठागरात लागली होती. टळटळीत ऊन, सगळीकडे पांढरं, डोळे उघडेनात. कृष्णाबाई गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून लाकडी फळीनं मीठ ओढत होती. पायांना चिरा पडलेल्या, त्यांना चिंध्या बांधलेल्या. मी बांधावर उभा राहिलो आणि म्हटलं, कृष्णाबाई, माझं चुकलं. असं मी आयुष्यात कोणाला म्हणालो नव्हतो, तुझ्या आईलासुद्धा नाही, तिला सांगू नकोस. ती काम न थांबवता म्हणाली, बोला आप्पा, उन्हात कशाला आलाव? मी विचारलं, तू तेव्हा बोलली का नाहीस? त्यावर तिनं फळी टेकवली. म्हणाली, मना लिवता येत नाय असा सांगितला असता, त मग तुमी दुसरा कोन ते सोधला असता. दिपूनं मना किती तास, किती पैसं, सगला इचारलेला. मना ठाव होता. त्या पोरीला मग म्हायेर ऱ्हायला असता का? मना काय, मी मीठ वढंन. आपली कृष्णाबाई! मी तिथेच बांधावर खाली बसलो. तिनं मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि घरी जा म्हणाली.

दुसऱ्या सोमवारी ती कामावर आली, पण फुकट नाही आली. तिनं अटी घातल्या! एक, ज्यांच्यासमोर मी तिला काढलं त्यांच्यासमोर मी तिला परत बोलवायचं. बोलावलं, हात जोडून बोलावलं. दुसरी, घासकामाच्या बाया ती बघेल, मी मधे आरडाओरडा करायचा नाही. ही अट मी दिवसातून तीनदा मोडतो. तिसरी, दिपूला यातलं काही कळू द्यायचं नाही, पोर जिवाला लावून घेईल, तिच्या पत्रापायी माझा रोज गेला म्हणून. ही तिसरी अट मात्र मी वर्षभर पाळली. किती सोयीची होती गं ती मला! कृष्णाबाईला शब्द दिलाय, असं म्हणत मी गप्प बसलो, आणि माझं थोबाड काळं झालेलं तुला कधी कळलं नाही. आज ती अट मोडतोय. तिला आधी विचारलं. म्हणाली, आता सांगा, पोर पोटुशी हाय, मनावर वझं घेऊन नको बालतीन व्हाया.

तेव्हा हे पत्र का लिहिलं ते आता लिहितो. तुला वाटतं की तक्रार कोणी केली हे मला माहीत नाही, आणि माहेरी आलीस तर माझ्या ताटाला ताट लावून जेवताना ते तुझ्या तोंडावर दिसेल. म्हणून तू येत नाहीस. दिपे, मला सव्वा वर्षापासून माहीत आहे. तू चूक केली नाहीस. माझ्या पोरीला सरकारला दोन पानं लिहावी लागली, कारण बापाला सांगून उपयोग होत नाही हे तिनं समोरासमोर करून बघितलं होतं. लाज वाटायची तर ती मला वाटली पाहिजे, आणि वाटते. तुझ्या पत्राची शिक्षा मी भलत्याच माणसाला दिली, हे वाचून तुला माझा संताप येईल, तो येऊ दे. कृष्णाबाईचे पाय अजून बरे नाहीत. बुधवारी सकाळच्या गाडीनं आई आणि ती, दोघी तुला न्यायला वरशाला येतायत. त्या दिवसाचा रोज घेणार नाही म्हणून तिनं आत्ताच भांडण काढलंय, आणि मी तो देणार आहे. मी मात्र येत नाही. मी समोर उभा राहिलो तर तुला ‘नाही’ म्हणता येणार नाही, लहानपणापासून कधी म्हणता आलं नाही. या वेळी तुला यायचं नसेल, तर ते तुला म्हणता आलं पाहिजे. त्या दोघींना सांग. मी पेणच्या स्टेशनावर दुपारच्या गाडीला उभा असेन, आणि डब्यातून दोघीच उतरल्या तरी तुझ्यावर रागावणार नाही.

वाट बघणारा, पण या वेळी हुकूम न सोडणारा,
तुझाच,
आप्पा